अक्कलदाढ आणि निळी

—नाही नाही, बोलू नका, नुसतं आ करा. अजून थोडा. हं, असा. सभेत उघडता तेवढं तोंड उघडा की सेक्रेटरीसाहेब, इथे कसला संकोच. बघू— अरे देवा. नाही, घाबरू नका, 'अरे देवा' मी सगळ्यांनाच म्हणते, सवय आहे ती, वाईट सवय, अशाने पेशंट पळतील असं आमचे हे नेहमी बोलायचे. म्हणजे, बोलायचे तेव्हा बोलायचे. सूज छान उतरलीय, गोळ्या वेळेवर घेतलेल्या दिसतात, वहिनींचं लक्ष असणार, तुमचं एकट्याचं काही खरं नाही. आता ही अक्कलदाढ— तिरकी आलीय आणि पुढच्या दाढेला ढुशा देत बसलीय. काढायचीच. मान काय हलवताय? ही गोष्ट बहुमताने ठरवायची नसते. आणि नेमकी सभेच्याच दिवशी दाढेची तारीख यावी, हा योगायोग बघा. असतात असे योगायोग, आपल्या हातात थोडंच असतं.

टोचेल जरा. मुंगी चावल्यासारखं— मुंगीच म्हटलं हं मी, दुसरं काही नाही, लगेच डोळे मोठे करू नका. झालं. आता बधिर व्हायला थोडा वेळ लागतो, ओठ जड झाला की सांगा, म्हणजे सांगू नका, हात वर करा. हात वर करायची तुम्हाला सवय आहेच. बरं, विषय निघालाच आहे तर निघू दे, मी काही मुद्दाम काढला नाही. आज संध्याकाळच्या सभेत विषय एकच— पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घरात पाळलेला कोळी. नोटीस तुमच्याच अक्षरात, जिन्यात लावलीय, 'हिंस्र प्राणी' लिहिलंय आणि हिंस्रच्या खाली दोन रेघा. जाता-येता वाचते मी. निम्मी घरं म्हणतात हाकला, निम्मी म्हणतात राहू दे, आणि मतं समसमान पडली की सेक्रेटरीचं मत शेवटचं, हा नियमही तुमचाच. म्हणजे सगळी गोम तुमच्या त्या एका हातात आहे— हो, तो हात खाली ठेवा, ओठ अजून जड झालेला नाही, मला कळतं. आणि सभेत बोलू कुठे देता तुम्ही? कुणी दोन वाक्यं बोललं की तुमचं ते पेन ग्लासावर टिंग टिंग टिंग, मुद्द्यावर या, मुद्द्यावर या. म्हणून म्हटलं इथे बरं. इथे ग्लास माझा आहे.

तर पहिला मुद्दा. तक्रारीत म्हटलंय की कोळी दोन आहेत, जोडी आहे, आणि उद्या त्यांचा कुटुंबकबिला जिनाभर फिरेल. ही बातमी कुठून उठली मला पक्कं ठाऊक आहे— शेजारच्या गाळ्यातल्या टेलरीणबाई. हाताने सोन्यासारखी बाई, पण ऐकलेलं आणि पाहिलेलं सगळं वाढीव मापाने शिवते. ती दाताला कॅप बसवायला आली होती आणि तिला ते दिसलं, त्या कपाटावर, काचेच्या बरणीत, कापसावर— नको, मान वळवू नका, तोंडातला आरसा लागेल, नंतर दाखवते. कोळी नाही हो तो. तिची कात आहे. साप टाकतो तशी. अख्खी, आठही पाय, केसांसकट, नखांसकट, बघणाऱ्याला वाटावं आता चालायला लागेल. आणि साहेब, सुळ्यांसकट. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात डोकावतेय, पण असली सोय मी कुठे पाहिली नव्हती. दर कातीला जुने सुळे टाकायचे आणि नवे घ्यायचे. नवे आधी पांढरे, दुधासारखे, मग तांबूस, मग काळे कुळकुळीत. ना कीड, ना कवळी, ना माझी फी. माणसाला हे जमत असतं तर मी आज भाजी विकत बसले असते, पण जगातली निम्मी कटकट मिटली असती. म्हणून ठेवलीय ती बरणीत. शोभेला नाही, आदरापोटी. तर टेलरीणबाईने ती पाहिली आणि अशी किंचाळली की कॅप गिळली तिने. त्याची तक्रार मात्र केली नाही, तेवढी माणुसकी आहे. दुसरी देईन म्हणते, फुकट.

हं, आता ओठ? जड? छान. हे टोचतंय का? नाही ना. मग मी आता हिरडी मोकळी करते, दाब जाणवेल, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर, उजवा सभेसाठी राहू दे. तर तुम्ही विचाराल— तोंडाने विचारता येत नाही, पण डोळ्यांनी विचारताय— की बाई, जगातली मांजरं संपली होती का? बरोबर आहे. मीही हेच विचारलं असतं. पण आमच्या ह्यांना तुम्ही ओळखता ते जिन्यातून खाली मान घालून जाणारे गृहस्थ म्हणून. रंगाच्या कारखान्यात काय मान होता हो त्यांना. रंग जुळवायचं काम. कुणी फुटक्या कपाची टिकरी घेऊन यावं, म्हणावं मला भिंत अशी हवी, हे खिडकीशी जाऊन एकदा टिकरीकडे बघणार आणि सांगणार— हा रंग इतका, हा चिमूटभर, हा नुसता दाखवायचा. डबा तयार झाला की टिकरी त्यात टाकली तरी दिसायची नाही. मग यंत्र आलं. ते टिकरीकडे बघतं आणि झटक्यात आकडे सांगतं, त्याला खिडकीसुद्धा लागत नाही. ह्यांना छानसं भाषण आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून गप्प. रुसून नाही, रुसलेला माणूस परवडला, त्याची समजूत तरी काढता येते. हे नुसते गप्प. वाढलं तर जेवायचे, दिवा लावला तर उजेडात बसायचे, नाही लावला तर अंधारात. मी दिवसभर इथे बोलून बोलून वर जायची आणि वर गेल्यावर परत मीच बोलायची. दोन्हीकडे पेशंटच. इथले निदान हं हं तरी करतात, तुम्ही आत्ता करताय तसं.

मग कुणीतरी सुचवलं, घरात एखादा जीव आणा. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ह्यांना धरून प्राण्यांच्या दुकानात नेलं. माझ्या मनात मासे होते— भुंकत नाहीत, केस गाळत नाहीत, मेले तरी आवाज करत नाहीत. मी दुकानदाराशी माशांचं बोलतेय, हे मागे पिशवी धरून उभे. वळून बघते तर पिशवी जमिनीवर आणि हे गायब. पार कोपऱ्यात, एका उभ्या काचेच्या पेटीसमोर, नाक काचेला टेकवून. आत झाडाच्या सालीचा तुकडा आणि सालीवर ती. पंजाएवढी, आणि माझ्या नाही, तुमच्या पंजाएवढी. मी पालीला घाबरते साहेब, माझं काय झालं असेल विचार करा. आणि हे म्हणतात— किती महिन्यांनी, पूर्ण वाक्य, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागच्या जागी— 'हा निळा मला कधी जमला नाही.'

दुकानदार भला माणूस. म्हणाला, काका, पहिल्यांदाच घेताय, ही नको. ही झाडावरची जात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत इकडची तिकडे, हातात घ्यायची सोय नाही. त्यापेक्षा ती तपकिरी घ्या, जमिनीवरची, दगडासारखी एका जागी बसते, नवशिक्यांना मी तीच देतो. ह्यांनी त्या तपकिरीकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हणाले, तपकिरी जन्मभर केला, लोकांना दारं तपकिरीच लागतात. मी म्हटलं, द्या ती निळी. म्हणताना डोळे मिटले होते मी. पण नंतर उघडले, आणि खोटं कशाला बोलू, आहे ती देखणी. पाय असे निळे की उजेड पडला की पेटल्यासारखे दिसतात, सांध्यासांध्याला पिवळा ठिपका, आणि पाठीवर वाळल्या पानासारखी नक्षी, लपायला. वरून इतकी नटलेली आणि स्वभावाने इतकी लाजाळू बाई मी तरी पाहिली नाही. आम्ही तिला निळीच म्हणतो. बारसं वगैरे काही नाही, नुसतं निळी.

हो, चावते. तेही सांगते, पेशंटच्या तोंडात हत्यार असताना मी खोटं बोलत नाही. मधमाशीसारखं— बरं, मधमाशीपेक्षा जास्त. बरंच जास्त. अंग आखडतं दोन-चार दिवस, असं दुकानदार म्हणाला. पण जीव जात नाही कुणाचा, आणि ती आपणहून अंगावर येत नाही, चाहूल लागली की सालीमागे. आता तुमच्याकडचा तो कुत्रा घ्या, त्याने पोस्टमनची पोटरी धरली तेव्हा कुठे नोटीस लागली होती? नाही लागली. का नाही लागली, मी बोलत नाही, हिरडीचं काम नाजूक असतं. आणि तिचं खाणं म्हणाल तर झुरळं. मला विचारा ते किती कठीण आहे. आयुष्यभर झुरळं मारायची पावडर विकत आणली, आता झुरळं विकत आणते. विकत, साहेब. डबीत घालून, भोकं पाडून. ह्यांना चिमट्याने ती सोडता येत नाहीत, म्हणून मीच सोडते, इथलाच जुना चिमटा. पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी इतक्या लांबून सोडलं की झुरळ पेटीऐवजी ह्यांच्या बाहीत गेलं. हसले हो हे. मला वाटलं खोकले.

दुसरा मुद्दा, सुटली तर काय. सुटायचा प्रश्नच नाही, झाकणाला खिट्टी आहे. एकदाही सुटलेली नाही— म्हणजे पेटीच्या बाहेर आली असेल एकदा, घराच्या बाहेर नाही. म्हणजे घराच्या बाहेर, पण इमारतीच्या बाहेर मुळीच नाही. हात खाली. डावासुद्धा खाली, दुखत नाहीये तुम्हाला. ऐकून तरी घ्या. ती झाडावरची ना, खाली उतरायला तिला आवडतच नाही, तिचा सगळा जीव उंचीवर. त्यामुळे खालच्यांना काडीची भीती नाही. राहता राहिले वरचे. वर— हो, वर तुम्हीच राहता, खरंय. तुम्हाला आठवत असेल, मागे हे गॅलरीत शिडीवर चढून तुमच्या खिडकीच्या छज्ज्याखाली हात घालत होते, एका हातात प्लास्टिकचा डबा, दुसऱ्या हातात रंगाचा मऊ ब्रश. तुम्ही वरून विचारलंत, काय करताय? हे म्हणाले, रंग बघतोय. तुम्हाला वाटलं भिंतीचा. त्यात खोटं काय होतं? ब्रशने हळूच ढकललं, ती डब्यात गेली, झाकण लावलं, उतरले. वहिनी तेव्हा खिडकीतच कपडे वाळत घालत होत्या, त्यांना पत्ताही लागला नाही, म्हणजे बघा किती गरीब आहे ती. हे वहिनींना सांगायलाच हवं असं काही नाही. मी हे बोलणार नव्हते खरं तर. त्या दिवसापासून खिट्टी लावलीय, मी स्वतः, दुहेरी.

—आता जरा गप्प बसते, हा भाग हाताने ऐकायचा असतो. श्वास नाकाने. करकर आवाज येईल, तो हाडाचा असतो, घाबरायचं नाही. हं. हललीय. अजून चिकटून बसलीय, अक्कल सहजासहजी सुटत नाही म्हणतात ते उगाच नाही. थोडा दम घ्या, मीही घेते, मनगट भरून आलं.

तुम्हाला असं उताणं बघून परत तेच आठवतं मला. एका दुपारी मी पेटीकडे बघितलं तर निळी उताणी. आठही पाय वर, ढिम्म. काचेवर टिचकी मारली, काही नाही. डॉक्टर आहे मी, दातांची का असेना, मी जाहीर करून टाकलं, गेली. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. वाटलं चला, आता मासे आणू— हे कुणाला बोलू नका, आणि आज तर तुम्हाला बोलताही येणार नाही. ह्यांनी ते ऐकलं आणि रडायला लागले. पुरुष माणसं फार वाईट रडतात हो, सवय नसते. त्यांची आई गेली तेव्हा रडले नव्हते, कारखाना सुटला तेव्हा रडले नव्हते, ते सगळं राहिलेलं त्या दुपारी एकदम. मला काय करावं कळेना, म्हणून मी काम शोधलं, मी तेच करते. बुटांचा रिकामा खोका आणला, लांब चिमटा आणला, झाकण उघडलं, चिमटा तिच्या पायाला लावणार तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, थांब. रंग उतरलेला नाही. मेली असती तर निळा आधी गेला असता. आणि साहेब, तिचा एक पाय हलला. इतकी वर्षं मी माणसं उताणी झोपवून त्यांचे दात काढतेय, आणि उताणी दिसली म्हणून मेली असं मलाच वाटावं. कात टाकायला ती तशीच पडते. तेव्हा ती इतकी मऊ असते की धक्का लागला तरी संपते. माझ्या चिमट्याने मेली असती बिचारी, आणि मी वरून म्हटलं असतं, मी तर आधीच सांगितलं होतं.

मग आम्ही दोघं फरशीवरच बसलो, पेटीसमोर. ती जुन्या पायांतून नवे पाय ओढून काढत होती, एकेक, घट्ट मोजे काढावेत तसे. आणि हे बोलत होते. हा बघ, हा ओला निळा, वाळला की गडद होईल. ह्यात कणभर हिरवा आहे, दुकानात मला तो दिसला नव्हता. मग तिथून कारखान्याचं निघालं, कुठल्या कोण बाईला मेलेल्या मांजराच्या डोळ्यांसारखी खोली हवी होती ते निघालं, त्या यंत्राचं निघालं, यंत्राला शिव्या घातल्या त्यांनी, छान, मोकळ्या मनाने. लग्न ठरल्यावरसुद्धा एवढे बोलले नव्हते. आणि मी गप्प बसले होते. मी, साहेब. मला भीती वाटत होती की मध्ये बोलले तर परत बंद पडतील. अजून वाटते. तुम्हाला निळीची भीती वाटते, मला ती पेटी रिकामी झाल्याची वाटते. एवढाच काय तो फरक आपल्यात.

आ करा. शेवटचा जोर. हं— हं— निघाली. बघा, काय मुळं आहेत, आकडे नुसते. घरी न्यायचीय? नाही? बरं. दोन टाके घालते— झालं. हा कापसाचा बोळा, ह्याच्यावर दात दाबून धरा, घट्ट. घरी जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही, चूळ नाही, थुंकायचं नाही, आणि संध्याकाळभर बोलणं टाळा, जीभ जडच राहील, बोललात तर शब्द घसरतील आणि लोक म्हणतील सेक्रेटरी पिऊन आला. सभेची काळजी करू नका, हात वर करायला तोंड लागत नाही. म्हणून तर तुमची नोटीस लागली त्याच दिवशी मी तुमची तारीख बदलून— म्हणजे सूज उतरायला वेळ हवा होता. तेही खरंय. बरं, बदलली. मीच बदलली. रागाने बघू नका, दाढ काही मी तिरकी लावली नव्हती.

पण एक सांगते आणि सोडते तुम्हाला. आज मी बोलणार नाहीये सभेत. हे बोलणार आहेत. स्वतः म्हणाले. सकाळपासून आरशासमोर उभे आहेत, एकच वाक्य परत परत म्हणून बघताहेत आणि मी बाहेरून ऐकतेय, जेवायलासुद्धा हाक मारली नाही. त्यांना दोन वाक्यांत आटपायला जमायचं नाही. निळ्यापासून सुरू करतील आणि कुठल्या कुठे जातील, कपाच्या टिकरीवर जातील, मुद्दा हरवेल, लोक घड्याळं बघतील. तुम्ही मत काय द्यायचं ते द्या. विरोधात दिलंत तरी टाके काढायला या, दातांच्या बाबतीत मी मनात काही ठेवत नाही. ती गेली तर जाईल, दुकानदार परत घेईन म्हणालाय, रडू एक दिवस. पण ते बोलत असताना ग्लासावर पेनचं टिंग झालं ना, तर ते तिथेच थांबतील, आणि परत कधी सुरू होतील मला माहीत नाही. तेवढं फक्त.

उठा आता, सावकाश, चक्कर येईल. बरणी? बघा की, उचला, हलकी आहे, फुंकरीने उडेल. ते काळे टोकदार दिसतात ना, तेच सुळे. हं, ठेवा परत. काय म्हणताय? बोलू नका म्हटलं ना. काय शोधताय खिशात? पैसे नंतर द्या. हे काय? पेन कशाला देताय मला? कुठे सही हवीय मला तुमची— 

बरं.

ठेवते इथे, बरणीशेजारी. उद्या येऊन घेऊन जा. जा आता, बोळा दाबून धरा.